चौतीस टक्क्यांवर फोडलेला ड्राइव्ह

बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटत मी मोठी झाले. अंगात येणाऱ्यांना भर चौकात प्रश्न विचारणारी मी... तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं.

ठिकाण — कारेगाव, आमच्या कामगार गटाची पत्र्याची खोली. रविवार, दुपारचे पावणेदोन.

महिन्यापूर्वी आमच्या गटातल्या दत्तामामांचा उजवा हात पॉवर प्रेसखाली मनगटापर्यंत चेचला गेला. कंपनी म्हणे, चूक त्यांचीच. खरं तर माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरने हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर टेप लावून बंद केला होता. त्या पाळीचं सीसीटीव्ही फुटेज एका कामगाराने जिवावर उदार होऊन आमच्या एसएसडीवर, म्हणजे वायरने जोडायच्या छोट्या ड्राइव्हवर, आणून दिलं. नव्वद जीबीची एकच फाइल. एसएसडी सांभाळणं माझ्याकडे — दर रविवारी डेस्कटॉपला जोडायचा, तपासायचा, नवीन फाइल्स उतरवायच्या आणि इजेक्ट करूनच काढायचा.

या वेळी मात्र मी डेस्कटॉपवर कॉपी करण्याआधीच पत्रक छापलं — ‘पुरावा आमच्या हातात आहे!’ शनिवारी गेटवर वाटलंही. माझीच घाई.

रविवारी खोलीत मी आणि मामा दोघंच होतो. कॉपी चौतीस टक्क्यांवर असताना कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टरची तीन माणसं आत घुसली.

“काय ताई, लई पत्रकं वाटती व्हय? दाव की पुरावा!”

मामा आडवे आले. “पोरीला हात लावू नगा.”

एकाने त्यांच्या बँडेजवरच दांडा हाणला. मामा गुरासारखे ओरडले. रक्त पार भिंतीवर उडालं. दुसऱ्याने माझे केस धरून तोंड टेबलावर आपटलं — ओठ फाटला. तिसऱ्याने एसएसडी उपसला, फरशीवर ठेवून हातोड्याने ठेचत राहिला. आतल्या चिपांचा भुगा झाला.

“आता छाप!” म्हणत ते गेले.

मी मामांच्या हाताला ओढणी बांधत होते, तेव्हा तेच म्हणाले, “आगं, ते अजून चाललंय.”

पस्तीस टक्के... छत्तीस...

“मामा, वायर तर लोंबतेय.”

“मंग चालतंय कसं?”

दाराला कडी लावून आम्ही पाहत राहिलो. पाऊण तासाने शंभर झाले. फाइल उघडली. सेन्सरवरची टेप, खाली येणारा प्रेस, मामांचा हात... सगळं होतं.

रॅममध्ये साठलं असेल, असं सांगू नका. रॅम चार जीबीची आहे, फाइल नव्वदची.

भरपाईच्या दाव्यातले आमचे वकील म्हणाले, “प्रतिज्ञापत्रात कॉपी हल्ल्याआधीच झाली होती असं लिहा. नाहीतर कोर्टात हसतील.”

मी मामांकडे पाहिलं. भरपाई त्यांची, हात त्यांचा.

“त्यांनी झाकलं म्हनून तर ही येळ आली,” मामा म्हणाले. “आपुन बी झाकायचं व्हय? घडलं तसं लिव.”

मी लिहिलं. समोरचे वकील खरंच हसले — “ताईंना भूत मदत करतंय वाटतं!” फाइल संशयास्पद ठरून तपासणीला गेली. निकाल लांबला.

मग कोर्टात मला पुन्हा विचारण्यात आलं, तुटलेल्या ड्राइव्हवरून फाइल आली कशी?

शपथेवर मी जे सांगितलं तेच इथे सांगते... मला माहीत नाही.