पारबतानं झुबा घेतला नव्हता

यादो गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणात बसून लाखोरीची भाजी निवडत होतो. त्याच्या मुलाचा फोन होता. "मास्तरकाका, बाबा गेले... चहा घेऊन गेलो तं उठलेच नाहीत." मी म्हणालो, "बरं." असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. बायकोनं आतून विचारलं, कोणाचा फोन? उरलेली सगळी भाजी निवडून संपवली आणि मग चुलीजवळ जाऊन तिला सांगितलं. त्याला आता दीड महिना झाला. मुलानं म्हटलं, काका, तुम्ही लिहा काहीतरी बाबांवर, तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. खरं आहे ते. म्हणूनच लिहायला इतका वेळ लागला.

यादोराव आमगावला रेल्वेत सिग्नलचा कारागीर होता आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. तीस वर्षं आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती. नव्व्याण्णव साली, माझा बिघडलेला रेडिओ मांडीवर उघडा ठेवून, तो मला म्हणाला, "मास्तर, परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन रानात सोनं शोधत फिरतेत. शौक म्हणून. अन् आपल्या सालेकशाच्या नाल्यात सोनं हाय, तं आपण टीव्ही पाहून रायलो." त्यानं हे कुठल्याशा हिंदी मासिकात वाचलं होतं. नाल्यात सोनं आहे हे काही खोटं नव्हतं. आमच्याकडे सोनझरी लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पाटीत वाळू धुऊन त्यातून सोन्याचे कण काढत आले आहेत. पण त्यांचं ते पोट होतं. यादोला लागलं ते वेड. त्यानं प्लास्टिकच्या बादलीच्या कड्यावर तांब्याची तार गुंडाळली, तिला दांडा जोडला, दांड्याला माझाच रेडिओ बांधला आणि पहिली मशीन तयार केली. ती माझ्या पट्ट्याच्या बकलावर अशी किंचाळली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. रेडिओ मला परत मिळाला नाही तो नाहीच.

पुढे त्याच्या भाच्यानं परदेशातून खरी मशीन आणून दिली आणि आमचे रविवार त्यात गेले. सकाळच्या गाडीनं सालेकसा, तिथून मागून घेतलेल्या सायकली, डब्यात पोळ्या आणि ठेचा. यादो कानाला हेडफोन लावून नाल्याच्या कोरड्या पात्रात मशीन डावीकडून उजवीकडे फिरवत चालायचा आणि मी मागून फावडं घेऊन. टिंग झालं की तो गुडघ्यावर बसायचा. मी खणायचो. निघायचा खिळा. कधी बैलगाडीच्या धावेचा तुकडा, कधी कंदिलाची टोपी, एकदा भोकाचा पैसा. बुधराम नावाचा म्हातारा सोनझरी वरच्या अंगाला वाळू धुत बसलेला असे. तो म्हणायचा, "बाबू, तुमची मशीन खिळे मस्त येचते." इतक्या वर्षांत सोन्याचा एकच कण आमच्या वाट्याला आला, खसखशीएवढा, तोही बुधरामनं धुऊन काढलेला आणि कीव येऊन यादोच्या तळहातावर ठेवलेला. यादोला त्याचं काही नव्हतं. त्याला सोनं नकोच होतं, टिंग हवं होतं. टिंग झाल्यावर आणि खिळा निघायच्या आधी त्याचा चेहरा असा उजळायचा की खणणाऱ्यालाही घाई करू नये वाटे.

मला मात्र घाई असायची. मी चिडका माणूस, शाळेत पोरं मला माघारी काय म्हणत ते मला ठाऊक आहे. आणि माझं डोकं फिरवलं गुटख्याच्या पुड्यांनी. त्या पुडीच्या आत चांदीसारखा चकचकीत पत्रा असतो. रानात माणूस दिसणार नाही, पण पुडी असतेच. टिंग, खणा, पुडी. टिंग, खणा, पुडी. एका रविवारी सव्विसावी पुडी निघाली तेव्हा मी फावडं फेकलं आणि मशीनचं माहितीपत्रक मागितलं. ते इंग्रजीत होतं, यादोला इंग्रजी बेताचं, म्हणून ते माझ्याच पिशवीत असायचं. त्यात लिहिलं होतं की अमुक बटण फिरवलं की मशीन असला कचरा सोडून देते. मी बटण फिरवलं. पुडीवर मशीन धरून पाहिली, गप्प. खिशातला रुपया धरला, टिंग. यादो खूश. "याले म्हणते शिकलेला माणूस," म्हणाला. मीही खूश. त्या दिवसापासून आमच्या वाटेत पुडी आली नाही.

त्यानंतर महिनाभरानं उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली. इटियाडोहच्या कालव्याखाली एका गावात यादोच्या लांबच्या नात्यातले पाटील होते. त्यांच्या घरची रीत अशी की रोवणीच्या पहिल्या दिवशी घरच्या सुनेनं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरून पहिले पऱ्हे स्वतः रोवायचे. त्या वर्षी सून उतरली आणि वर आली तेव्हा तिच्या कानातला एक झुबा नव्हता. पातळ पत्र्याचा, आतून पोकळ, पण सोन्याचा आणि सासूच्या सासूपासून आलेला. चिखलातून वर येताना तिला हात दिला होता पारबतानं. पारबता त्या गावची रोवणीची मजूर, बायांमध्ये सगळ्यांत जलद हात तिचा. लोकांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. पाटील तसे न्यायी माणूस. म्हणाले, उगाच कोणाचं नाव घेऊ नका, यादोरावची मशीन बोलवा, बांधीत असेल तर सापडेल.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. बांधीतलं पाणी सोडलेलं, कडेच्या धुऱ्यावर अख्खं गाव. यादोनं पायजमा वर खोचला आणि बोट बोट जागा न सोडता दोन बांध्या फिरून काढल्या. मी फावडं घेऊन त्याच्या मागे. मशीन एकदा बोलली, विळ्याचा तुकडा निघाला. बाकी गप्प. दुपारी तो वर आला आणि म्हणाला, "बांधीत नाही." कोणी तरी विचारलं, पक्कं? यादो म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही." तेव्हा पारबता पुढे आली. चिखलानं भरलेले हात तिनं असे बाजूला धरले आणि म्हणाली, "मंग माझ्या आंगावरून फिरवा तुमची मशीन." यादोनं मान खाली घालून फिरवली. गप्प. "पाहा," ती म्हणाली. मागून एक आवाज आला, "काल रातीच घरी पोचवला असन." आणि ते सगळ्यांना पटलं. तिनं कोणाला शिवी दिली नाही की रडली नाही. मशीनकडे पाहत राहिली... मशीनकडे, आमच्याकडे नाही.

तिला पुढे कोणी रोवणीला बोलावलं नाही. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. दिवाळीच्या आत नवरा, पोरगी आणि दोन गाठोडी घेऊन ती गाव सोडून गेली, कोणी म्हणे रायपूरकडे इटाभट्टीवर. आम्हाला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण चोराबद्दल वाटतं तितकंच. आम्ही आपले रविवारी सालेकशाला जात राहिलो.

दोन वर्षांनी यादोच्या बायकोची नाकातली फुली अंगणात पडली. यादोनं मशीन फिरवली, गप्प. बायकोनं खराट्यानं झाडून फुली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती जमिनीवर ठेवून वरून मशीन धरली. गप्प. मग त्यानं बटण मागे फिरवलं आणि पुन्हा धरली. मला भिंतीपलीकडून ते टिंग ऐकू आलं. थोड्या वेळानं तो माझ्या दारात उभा. तोंडावर रक्त नाही. "मास्तर, ते पत्रक वाचा." मी वाचलं. बटणाच्या ओळीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: पातळ सोन्याचे दागिनेही यामुळे सुटू शकतात. ती ओळ मी त्या दिवशी वाचलीच नव्हती. आधी पूर्ण प्रश्न वाचा आणि मग उत्तर लिहा, हे जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडणारा मी. दोन वर्षं आम्ही सोनं सोडून देत सोनं शोधत होतो आणि त्याच मशीननं एका बाईला चोर ठरवून आलो होतो. यादोनं ओळ ऐकली, "बरं" म्हणाला आणि बटण कोणी फिरवलं होतं याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पाणी सोडायच्या तोंडाजवळ, चार बोटं खाली, झुबा निघाला. चेपलेला. यादो खाली बसला तो उठेना. पाटलांनी झुबा धुऊन रुमालात बांधला आणि म्हणाले, "झालं ते झालं, आता बोभाटा नको. ती तर गेली." आणि मी काय म्हणालो? मीही म्हणालो, "जाऊ दे यादो. तुझं नाव खराब होईल." त्याचं नाव! मला कोणाच्या नावाची काळजी होती ते त्यालाही कळलं असणार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तिचं झालं त्याचं काय, मास्तर?"

मशीन त्यानं माळ्यावर टाकली. रविवार मात्र सुटले नाहीत. रेल्वेच्या पासावर तो रायपूरकडच्या भट्ट्या पालथ्या घालू लागला. पारबता नावाची बाई, जलद हाताची, गोंदियाकडची... किती वर्षं. ती सापडली नाही. एका भट्टीवर कोणी तरी म्हणालं, होती, पण मागल्या पावसातच भट्टी सोडून गेली. आणि दरसाल उन्हाळी रोवणीच्या पहिल्या दिवशी तो त्या गावी जायचा, धुऱ्यावर उभा राहायचा आणि रोवणाऱ्या बायांना मोठ्यानं सांगायचा, "झुबा ह्याच बांधीत होता. पारबतानं घेतला नव्हता. माझी चूक झाली." एवढं बोलून परत. पाटलांनी आधी रागावून पाहिलं, मग दुर्लक्ष केलं. गावात त्याला येडा रेल्वेबाबू म्हणू लागले. तो मला दरवेळी विचारायचा, "येता का मास्तर?" मला दरवेळी काम असायचं. पेपर तपासायचे, पाहुणे यायचे, गुडघा दुखायचा. गुडघा खरोखर दुखायचा, पण गावाकडे जायच्या दिवशी जरा जास्त.

गेल्या आठवड्यात ती रोवणी सुरू झाली. मी गेलो. का गेलो मला सांगता येणार नाही. घरात बसवेना एवढं खरं. भिंतीपलीकडं आता शांत असतं, आणि त्या शांततेत मला सारखी ती मशीन दिसते, चिखलातून फिरताना, न बोलणारी. धुऱ्यावर उभा राहिलो. बांधीत दहा-बारा बाया वाकलेल्या, बहुतेक तरुण, मला एकही ओळखीची नाही. एक म्हातारी तेवढी ताठ झाली. "रेल्वेबाबू नाई आले का औंदा?"

"गेले ते," मी म्हणालो.

तिनं हातातली पऱ्ह्यांची पेंडी खाली ठेवली. मग मी बोललो. झुबा ह्याच बांधीत होता. पारबतानं घेतला नव्हता. आणि पुढचं यादोचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना, कारण ते खोटं होतं. म्हणालो, "त्याची चूक नव्हती. बटण मी फिरवलं होतं."

"मंग इतके साल काऊन नाई बोलले?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. पुन्हा वाकली, चिखलात तीन-चार पऱ्हे रोवले आणि मान वर न करता म्हणाली, "पुढल्या साली बी या. दरसाल नव्या बाया येतेत."