हैबतीने हलवलेले गज

हैबती खुंटी ठोकली की ती दोन्ही हातांनी हलवून पाहायचा आणि मगच तिला शेरडू बांधायचा. वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्याच्या वाडीत या सवयीची थट्टा चाले. बायको ठकुबाई म्हणायची, लग्नात यांनी मुंडावळ्यासुद्धा ओढून पाहिल्या. पण त्याचं जनावर कधी सुटून गेलं नाही.

अठ्ठावन्न साली पानशेतच्या वरच्या अंगाला, ओढ्याचं पाणी वळवायला, लहानसा बोगदा खणायला घेतला. ठकुबाईचा भाऊ बाजी तिथे कातळाला भोकं पाडायचा. त्याच्याच शब्दावर हैबतीला पाणी वाहायचं काम मिळालं.

बोगद्याच्या तोंडाशी छताचा कातळ पदरापदरांचा होता. खालचा पदर सुटू नये म्हणून वरच्या घट्ट कातळापर्यंत भोकं पाडली, त्यांत सिमेंटचा मसाला भरून लोखंडी गज बसवले आणि खाली तात्पुरते लाकडी टेकू दिले. माणसं जेवायला गेली. हैबती मागे राहिला. मसाला आळायला लागला होता. त्याने वर हात करून एकेक गज धरला आणि जोर लावून हलवला. एकही निघाला नाही. मग तो निवांत भाकरी खायला बसला.

चार दिवसांनी टेकू काढायला सुरुवात झाली. बाजी आणि त्याचे गडी आत होते. बाहेर मुकादम रखमाजी नव्या गड्यांना समजावत होते, की गजाच्या टोकाला नटाने आवळलेल्या नुसत्या चकतीवर विसंबून भागत नाही. मसाला गजाला लांबीभर धरतो, कातळालाही धरतो, म्हणून सुटा पदर वरच्या कातळाला लटकून राहतो. मसाला आळताना गज हलला तर ती पकड तुटते, आणि बाहेरून काही कळत नाही.

हैबतीने घागर खाली ठेवली. बोलावं तर काम जाणार, बाजीची मान खाली जाणार. न बोलावं तर बाजी त्या पदराखालीच उभा होता.

"मुकादम, म्या हलवल्यात. समदे."

कुणीतरी हसलं. रखमाजी हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी एका गजाच्या नटाला पाना लावला. नटाबरोबर सगळा गजच फिरला. बाजीने तो धरून खाली ओढला, तसा तो वीतभर बाहेर आला आणि बाजीच्या खांद्यावर बारीक खर पडली.

"भाईर व्हा," रखमाजी हळू आवाजात म्हणाले. "पळू नगा. टेकूला धक्का नगं."

गडी भिंतीला धरून एकेक करत बाहेर आले. हैबती तोंडाशी उभा राहून प्रत्येकाकडे पाहत होता. बाजी सगळ्यात शेवटी आला.

"दाजी, तुमच्या त्या खुंट्या..." एवढंच म्हणून तो खाली बसला.

टेकू पुन्हा लागले, जुन्या भोकांशेजारी नवी पाडली गेली. रखमाजींनी हैबतीला काढलं नाही, ताज्या गजांच्या राखणीला बसवलं. बोगदा पुरा होईपर्यंत तो काठी घेऊन तिथे बसे. कुणी जवळ आलं की सांगे, "हात लावू नगा. अजून धरलं न्हाई." एकदा बाजीने घामेजलेली बंडी एका गजाला अडकवली, तर हैबतीने ती काठीच्या टोकाने अलगद उचलली आणि मेव्हण्याच्या तोंडावर टाकली.