चोराचा रंग

"चोर काढताना काळ्या रेघा जास्त मार. नाही जमलं तर आरशात बघ."

संपादक स्वतःच हसले, म्हणून टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

भोपाळच्या एका हिंदी दैनिकात मी व्यंगचित्रकार होतो. संपादक मराठी. अरेरा कॉलोनीत बंगला, व्यासपीठावर समतेची भाषणं. त्यांच्या पेपरात एक न लिहिलेला नियम होता. मंत्री, साहेब काढायचे ते नुसत्या रेघेत, चेहरा गोरापान. चोर, दारुडा, भिकारी आला की शाईच्या उभ्या-आडव्या रेघांनी चेहरा भरून काढायचा. सहा वर्षं मी मुकाट्यानं तेच केलं.

माझे बाबा भोपाळच्याच टाउनशिपमधल्या सरकारी कारखान्यात हेल्पर होते. शिफ्ट सुटली की गेटवर कामगारांची झडती व्हायची. "डब्बा खोल," गार्ड म्हणायचा. बाबा खरकटा डबा उघडून दाखवायचे. तोच गार्ड साहेबांच्या मोटारींना सलाम ठोकायचा. त्यांची डिकी कधी कुणी उघडायला लावली नाही.

एकदा कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली. संपादकांनी चित्र सांगितलं: काळा कामगार, हातात डबा, डब्यातून तार लोंबतेय. मी काढलं. खाली ऐटीत सही केली.

रविवारी घरी गेलो. बाबांनी तो पेपर माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "नाक माझंच काढलंस की रे. लाइनीत सगळ्यांनी ओळखलं. गार्ड आता दोनदा डबा बघतो."

मी नकळत काढलं होतं. हाताला सवयीचा तोच चेहरा होता. बापाच्या तोंडाला मीच काळं फासलं होतं, तेही पगार घेऊन.

पंधरवड्यानं तार सापडली. स्टोअरच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यात. कुणी न सांगताच मी चित्र काढलं: साहेब मोटारीत, डिकीतून तार बाहेर आलेली, गार्डचा कडक सलाम. चेहरा हुबेहूब साहेबाचा, गोरा.

संपादकांनी चष्मा वर केला. "अरे, हे आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. चेहरा भर काळा. म्हणजे कामगार वाटेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच त्यांचं संपादन. या माणसाला मी सहा वर्षं सर म्हणत होतो.

"नाही भरणार," मी म्हणालो.

"मग दुसरा कुणी भरेल. सही तुझीच राहील."

मी त्यांच्या हातातून चित्र काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी, झडतीच्या रांगेसमोरच्या भिंतीवर स्वतः चिकटवलं. नोकरी गेली. पेपरवाल्यांनी मला उर्मट ठरवलं. ठरवू देत.

आता मी भिंतींवर काढतो. ज्यानं चोरी केली त्याचाच चेहरा, त्याच्या बायकोलाही ओळखू येईल असा. या हातानं पुन्हा एका जरी कामगाराला चोर केलं, तर तो हात ठेवण्याच्या लायकीचा नाही.