माझं कर्ज, माझं भाषण

दुर्गापूजेच्या आधीच्या आठवड्यात माझी झोप पार उडाली होती. कारण ऐकलंत तर म्हणाल, बाई, तुझं काहीतरीच! मेडिकलला प्रवेश मिळत नव्हता म्हणून नाही. मिळाला होता म्हणून!

हो हो, मलाच. मुलीला नाही. मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिचं सध्या 'ळ' अक्षराशी भांडण चालू आहे. मी एकतीस वर्षांची. अकरावी-बारावीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवता शिकवता एक दिवस वाटलं, किती वर्षं दुसऱ्यांना डॉक्टर करून पाठवायचं? मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला वयाची वरची अट राहिलेली नाही, हे कळल्यावर तर माझ्या अंगात संचारलंच. दोनदा आपटले, तिसऱ्यांदा लागले. शहराबाहेरचं एक खासगी कॉलेज मिळालं. आणि खासगी म्हटल्यावर फी काय असते ते तुम्हाला माहीतच आहे. नसेल माहीत तर नका विचारू, आधी बसून घ्या.

म्हणून शैक्षणिक कर्ज. सहकर्जदार नवरा, आणि तारण आमचा सांगलीचा प्लॉट.

इथेच सगळं पेटलं. तो प्लॉट म्हणे रेवाच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, शिक्षणासाठी होता!

"अगं मेघा," सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आधी मुलीचं होऊ दे. मग तुझं बघू."

"अहो आई, मुलीचं व्हायला तेरा वर्षं आहेत. तोवर मी काय करू?"

"तोवर तिचं कर ना!"

बघा, म्हणजे वादच मिटला.

माझा भाऊ म्हणाला, "ताई, डॉक्टर होईस्तोवर चाळिशीला टेकशील." मी म्हटलं, "बाळा, घरी बसले तर चाळिशी यायची थांबणार आहे का?" आमच्या इथल्या, कोलकात्याच्या क्वार्टर्समधल्या देशपांडेवहिनी तर इतक्या गोड हसून म्हणाल्या, "वर्गातली मुलं काकू म्हणतील हो तुम्हाला!" म्हणू देत. काकूंना काय हाडं मोजता येत नाहीत?

सगळ्यांना अशी उत्तरं दिली खरी. पण दिवा मालवला की एक उत्तर काही सापडेना. प्लॉट खरंच रेवाचा होता का? आपण लेकीच्या ताटातलं वाढून घेतोय का? समीर, म्हणजे माझा नवरा, केंद्र सरकारच्या नोकरीत. दर काही वर्षांनी बदली, त्यामुळे निर्णयाला सरावलेला. तो म्हणाला, "मी सह्या केल्यात. आता झोप." आणि स्वतः घोरायला लागला. याला म्हणतात पाठिंबा!

आणि मग त्या काळजीला एक चेहरा मिळाला. बँकेतला साहेब. मला दिसायलाच लागला तो. चष्मा नाकावर, माझ्याकडे बघतोय, मग रेवाकडे बघतोय आणि म्हणतोय, "इस उमर में?"

ठरवलं, त्यानं विचारायचा अवकाश, आपण ऐकवायचं. पण ऐकवायचं म्हणजे तयारी हवी. माझं हिंदी मी शांत असले की बरं असतं, चिडले की अर्ध्यात मराठी होतं. म्हणून मी सरावाला लागले. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, रोज सकाळी. साहेबाच्या जागी कुकर.

"क्यों साहब?" मी कुकरला विचारायची. "औरत माँ बन गई तो उसका दिमाग़ बंद हो जाता है क्या? मैं पढ़ूँगी और मैं ही चुकाऊँगी!" अगदी रंगात आले की कुकर शिट्टी द्यायचा, मी गॅस बारीक करायची आणि पुढचा मुद्दा विसरायची. रेवा टेबलाशी दूध-पोळी खात बसलेली असायची. मला वाटायचं, तिचं लक्ष नाही. आई नावाच्या प्राण्याचा हा सर्वांत मोठा भ्रम!

बँकेचा पूजेच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. कर्जमंजुरीचं पत्र संध्याकाळपर्यंत कॉलेजात पोचलं नाही तर जागा पुढच्या नंबरला. समीर कामासाठी आसनसोलला. रेवाच्या शाळेला सुट्टी लागलेली. म्हणून तिला घेतलं, कागद घेतले आणि बालीगंजच्या शाखेत थडकले.

आत काय गर्दी! पेन्शनवाले आजोबा, पूजेच्या खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. एसी बंद. आणि कोपऱ्यातल्या शैक्षणिक कर्जाच्या टेबलामागे, पंख्याच्या बरोबर खाली, तो बसलेला. अगदी तोच! चष्मा नाकावर, खिशाला पेन, समोर कागदांचा गठ्ठा, हातात बँकेचा स्टेपलर. माझ्या स्वप्नातला साहेब रंगासकट तयार होऊन आलेला. मी मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला. भाषणात व्यत्यय नको.

"एज्युकेशन लोन?" त्यांनी विचारलं.

"हाँ. मेडिकल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रेवाकडे पाहिलं. मग चष्म्यावरून पुन्हा माझ्याकडे.

"स्टुडेंट कोथाय?" म्हणजे विद्यार्थी कुठंय? आणि रेवाकडे बोट करून हसले, "ये तो बाच्चा है!"

हसले! तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

"स्टुडेंट मैं हूँ!" मी म्हटलं. आवाज इतका चढला की रोखपालानं नोटा मोजायच्या थांबवल्या.

"आप? ओ... अच्छा, अच्छा. बोशून, बोशून—"

"नहीं बैठूँगी! क्यों साहब? औरत माँ बन गई तो उसका दिमाग़ बंद हो जाता है क्या?"

"ना, ना, आमि तो—"

"बीच में मत बोलिए! आपको लगता है, ये प्लॉट मेरी बेटी का है? मेरा भी है! मैं पढ़ूँगी और मैं ही चुकाऊँगी! उमर पूछते हो? लाज वाटली पाहिजे आपको!"

आलंच बघा मराठी. पण कोणाचं काही अडलं नाही. रागाला दुभाषी लागत नाही.

आता तुम्ही कोलकात्यात राहिला नसाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. इथे आवाज चढवायला निदान कारण तरी लागतं, गर्दी जमायला तेही लागत नाही. पासबुकाच्या रांगेतून एक धिप्पाड वहिनी, इथल्या भाषेत बौदी, साड्यांच्या दोन पिशव्यांसकट पुढे आल्या.

"की होयेछे, दीदी?"

मी हुंदका आवरत म्हटलं, "मैं डॉक्टर बनना चाहती हूँ, और ये हँस रहे हैं।"

संपलं! बौदींनी पिशव्या खाली ठेवल्या. या शहरात बाईनं पिशव्या खाली ठेवल्या म्हणजे आंदोलन सुरू झालं असं समजावं. "मेयेदेर अपमान?" त्या गरजल्या, म्हणजे बायकांचा अपमान? "चोलबे ना!"

"चोलबे ना!" पेन्शनच्या रांगेतून उत्तर आलं. चालणार नाही! एका आजोबांना तर स्फुरणच चढलं, बहुधा तरुणपण आठवलं असावं. बघता बघता टेबलाला वेढा. घेराव! मी, मेघा कुलकर्णी, जन्मात कधी वर्गाची मॉनिटरसुद्धा झाले नाही, आणि माझ्या नावानं अख्खी शाखा घोषणा देत होती. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. प्लॉट, सासूबाई, देशपांडेवहिनी, सगळ्यांचा हिशोब एका टेबलावर चुकता होत होता.

ते गृहस्थ मला जाऊ द्या म्हणत उठायला बघत होते. "आमाके जेते दिन, आमार मेये बाइरे—"

"कोथाय जाच्छेन?" बौदी कडाडल्या. "आगे उत्तर दिन!" बिचारे परत बसले. स्टेपलर छातीशी धरून.

तेवढ्यात मागून आवाज आला, "एकटू शोरून तो!" गर्दी बाजूला सारत एक तरुण मुलगी आली. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, हातात मातीच्या खुरीतला चहा. तिनं घेराव पाहिला, मला पाहिलं, मग टेबलामागे पाहिलं.

"मास्टारमोशाई! आप मेरी कुर्सी पर?"

मेरी. कुर्सी.

"पाखा," ते गृहस्थ क्षीणपणे म्हणाले आणि वर बोट दाखवलं. पंखा. पंख्याखाली एवढी एकच खुर्ची होती हो!

'चोलबे' वर गेलेला होता, 'ना' कोणाच्या तोंडून आलाच नाही.

हळूहळू उलगडा झाला. हे सान्यालबाबू. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. त्यांच्याही मुलीला मेडिकलला प्रवेश मिळालेला, त्यांचंही कर्ज, त्यांनाही आजचीच घाई. सकाळी ते एकटेच आले होते, तेव्हा या ऑफिसरबाईंनी त्यांना सांगितलं की विद्यार्थ्यानं समोर सही केल्याशिवाय पत्र देता येत नाही. त्यांनी मुलीला फोन करून बोलावून घेतलं आणि वाट बघत बसले. मी दिसले तेव्हा जुन्या मास्तरांच्या सवयीनं मला सावध करत होते, की बाई, विद्यार्थी बरोबर आणलाय ना, नाहीतर माझ्यासारखा हेलपाटा पडेल!

मी बौदींकडे पाहिलं. बौदींनी पिशव्या उचलल्या होत्या. "आगे बोलबेन तो!" त्या मलाच म्हणाल्या. आधी सांगायचं ना! आणि पासबुकाच्या रांगेत आपला नंबर परत मिळवायला निघूनही गेल्या. चळवळीला मागं वळून बघायची सवय नसते.

ऑफिसरबाईंनी खुर्ची घेतली, चहा बाजूला ठेवला आणि माझी फाइल काढली. मी कुकरचं झाकण बसवावं तसं तोंड घट्ट मिटलं.

"मेघा कुलकर्णी? आपका तो कल ही सैंक्शन हो गया। अभी थोड़ी देर पहले मेसेज भी किया है।"

मोबाइल पर्समध्ये. बंद. व्यत्यय नको म्हणून.

"स्टुडेंट?" तिनं वर न बघता विचारलं.

माझं सगळं भाषण घशापर्यंत आलं आणि काय झालं कोण जाणे, मी शाळेत हजेरी देतात तसा हात वर केला.

"यहाँ साइन।"

बस! एवढंच! माझं वय नाही विचारलं, मूल नाही विचारलं, 'इस उमर में' नाही, काही नाही. मी सही करून थोडी रेंगाळले. अगं बाई, एवढी तयारी केली, एकदा तरी विचार! पण तिचा चहा निवत होता.

पत्र हातात पडलं. इतकं हलकं! एका कागदासाठी किती झोपा घालवल्या मी. तुम्हाला म्हणून सांगते, त्या भाषणातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. भाषण शंभर टक्के बरोबर होतं. फक्त माणूस चुकला होता.

त्या माणसापुढे मात्र हात जोडून उभी राहिले. "मास्टरजी, माफ़ कर दीजिए।"

तेवढ्यात त्यांची मुलगी धापा टाकत आली. तिथी तिचं नाव, अठरा वर्षांची, पाठीवर सॅक. मी कोणतं कॉलेज ते विचारलं. अर्थात तेच! मी जिच्या बापाला घेराव घातला तिच्याच शेजारी आता साडेपाच वर्षं मी मेलेल्या माणसाची हाडं ओळखत बसणार होते.

"तुम्ही पण फर्स्ट इयर?" अशा अर्थाचं काहीतरी तिनं विचारलं, आणि "काकी—" म्हणता म्हणता जीभ चावून "दीदी" म्हणाली. देशपांडेवहिनी, जिंकलात!

सान्यालबाबू मात्र हसले. म्हणाले, मी घर तारण ठेवलंय मुलीसाठी, तुम्ही प्लॉट ठेवलात स्वतःसाठी. आई आधी शिकली तर मुलीचं काय बिघडतं? मग वाकून त्यांनी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बंगालीत विचारलं, "की गो, आईचं भाषण कसं वाटलं?"

हाच तो प्रश्न होता की नाही, ज्यानं माझी झोप खाल्ली होती? लेकीला काय वाटतं! आता ही काहीतरी असं बोलेल, मला वाटलं, की डोळे भरून येतील, आणि मी ते फोनवर सासूबाईंना ऐकवीन.

रेवानं माझ्याकडे पाहिलं. मग सान्यालबाबूंकडे, अगदी कीव येऊन पाहिलं. घरात मराठी बोलताना अडखळणारी ही पोर बंगालीत मात्र घडाघडा बोलते. म्हणाली,

"दादू, आई हे रोज आमच्या कुकरला सांगते. कुकरनं शिट्टी मारली की ती थांबते. तुम्ही शिट्टी का नाही मारली?"