कानात सांगायचं नाव

आमच्याकडे पोराच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आईबापांनी ठरवलेलं असलं तरी पाळण्यावर वाकून ते पहिल्यांदा उच्चारायचा मान तिचा, आणि ती वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार. हे धपाटे कशासाठी, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. बाईला घरात एकदा शेवटचा शब्द मिळतो, तो फुकट मिळू नये म्हणून असेल.

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. त्याआधीची दोन पोटातच गेली होती. दुसरं गेलं तेव्हा वहिनीला मी माझ्याकडे, समुद्रकाठच्या मांद्र्याला, महिनाभर आणून ठेवली होती. आमच्या मागच्या दोन खोल्या आम्ही हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांना भाड्यानं देतो. त्या वर्षी इस्रायलचा एक तरुण राहायला होता. सकाळी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून आमच्याबरोबर पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं खायचा, आणि भांडं स्वतः घासून ठेवायचा. माझ्या घरातल्या पुरुषांना ते अजून जमलेलं नाही.

वहिनी तेव्हा कुणाशी बोलत नसे. पण एकदा तिनं त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय? तो म्हणाला, एतान म्हणजे घट्ट, टिकून राहणारा. आमच्या भाषेत भर उन्हाळ्यातसुद्धा न आटणाऱ्या ओढ्याला हाच शब्द लावतात.

वहिनी नुसती मान हलवून आत गेली. आमचं माहेर मुळगावात. खाण आली आणि आमच्या कुळागरातला, पोफळीच्या बागेतला, झरा आटला, तो आटलाच. न आटणारं पाणी म्हणजे काय, हे तिथल्या सुनेला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दोन वर्षांनी हे पोर आलं ते सातव्या महिन्यात. पणजीच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेलं, माझ्या तळहाताएवढं. डॉक्टर रोज म्हणायचे, आज बघू. वहिनी टाके पडलेल्या पोटावर हात धरून त्या पेटीशी उभी राहायची आणि हाक मारायची, एतान. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शेजारी होते, मी ऐकलंय. "वन्सं, त्याला हेच नाव माहीत आहे," ती मला म्हणाली. पोर तगलं. नावामुळे तगलं असं मी म्हणणार नाही, मी इतकी खुळी नाही. पण तगेपर्यंत त्याला ज्या नावानं बोलावलं, ते नाव आता नको कसं म्हणायचं?

नको म्हणाले आमचे काका. वडील गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच. तीन महिन्यांनी बारसं ठरलं, तेव्हा त्यांनी मला बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, समोर बसवलं. त्यांना आजोबांचं नाव ठेवायचं होतं.

"बाय, हे नाव कुणाचं? ना देवाचं, ना पूर्वजाचं. त्या मुलखाच्या बातम्या तरी बघतेस ना?"

"बघते. काळीज तुटतं बघून. पण हे नाव त्या बातम्यांच्या हजारो वर्षं आधीचं आहे," मी म्हणाले. "त्यांच्या जुन्या पोथ्यांत या नावाचा एक शहाणा माणूस आहे म्हणतात. आपल्याकडे शहाण्या माणसाचं नाव ठेवायला कधीपासून बंदी?"

मी तयारीनं गेले होते. माझ्या मुलीनं मोबाइलवर सगळं काढून दिलं होतं. हे नाव इंग्रजीत गेलं आणि त्याचं एथन झालं, आणि आता अमेरिकेत शाळेच्या एकेका वर्गात दोन-दोन सापडतात. आपल्याकडेही शहरांतली माणसं ठेवायला लागली आहेत. जगावेगळं नाव म्हणून काका नाक मुरडत होते, आणि ते निघालं जगभर बोकाळलेलं. खरं सांगायचं तर मला ते थोडं लागलं. मला वाटलं होतं ते आमच्या पायरीवरचं एकट्याचं नाव आहे.

"आणि रोज पाव घेऊन येतो त्या पोदेराचं नाव कुठलं?" मी पुढे रेटलं. "तेही मुळात त्या इस्रायलवाल्यांच्याच भाषेतलं, पोर्तुगीजांबरोबर इथं उतरलेलं. तीस वर्षं तुम्ही त्याला त्या नावानं हाक मारताय. तुमच्या जिभेला फोड आला का?"

"तो किरिस्तांव. त्याच्या घरात ते शोभतं," काका म्हणाले. मग सूर खाली आणून त्यांनी तोड काढली. कागदावर तुम्हाला हवं ते लिहा, मी अडवणार नाही. पण कानात आजोबांचं सांग. घरात आम्ही त्याच नावानं हाक मारू. "कानांत कितें सांगलें तें भुरग्याक कळटा?" पोराला काय कळतंय, म्हणे.

भावानं खाली बघितलं. तो गरीब गाय आहे, काकांपुढे त्याचं तोंड उघडत नाही. वहिनी दारात उभी होती. आणि आमचे हे, माझे यजमान, इतका वेळ खुर्चीत गप्प बसलेले, एकदम समजूतदारपणे म्हणाले, "काका बरोबर बोलतात. दोन नावं असली म्हणून काय बिघडतं? तुला नाहीत का दोन?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आहेत ना मला दोन. लग्नाच्या संध्याकाळी सासरी ताटात तांदूळ पसरले, आणि यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात एक नाव लिहिलं. ते मी वाचलं तेव्हा मला कळलं की उद्यापासून मी ही. कुणी विचारलं नव्हतं. माझं नाव जुनाट वाटतं, असं सासूबाईंचं मत होतं. तेव्हाही हीच तोड निघाली होती: कागदावर जुनं राहू दे, घरात नवं. बावीस वर्षं झाली. कागदावरचं नाव कागदावरच राहिलं. बँकेत हाक आली की मला उठायला क्षणभर उशीर होतो. माहेरी येते तेव्हा काकी त्या नावानं बोलावते, तेवढंच. आणि तांदळातलं ते नाव? ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी धुवून भातात घातले. मी स्वतः घातले.

हे सगळं मी त्या दिवशी बोलले का? नाही. बोलले असते तर रडले असते, आणि रडणाऱ्या बाईचं ऐकतात कुठं, तिला पाणी आणून देतात. मी फक्त म्हणाले, "बघू." काकांना वाटलं, जमलं.

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. घुगऱ्या शिजल्या होत्या, पाळण्याला अबोलीच्या माळा होत्या. काका पाळण्याच्या अगदी डोक्याशी उभे राहिले. एरवी पुरुष तिथं थांबत नाहीत. वहिनीनं पोराला पाळण्यात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं आशा सोडली होती. तिचे हात मात्र पाळण्याच्या दोरीवरून सुटत नव्हते.

मी वाकले. कानात सांगायचं ते हळू सांगायचं असतं, कुर्र करून, म्हणजे फक्त पोराला ऐकू जावं. मी तसं केलं नाही. हळू सांगितलं असतं तर काकांनी उद्या आपल्याला हवं ते ऐकल्याचं सांगितलं असतं. म्हणून मी पेज खायला घरच्यांना हाक मारावी तशी, अंगणातल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एतान." एकदा नाही, तीनदा.

धपाटे थांबले. मग एक बसला, असा सणसणीत की माझं कपाळ पाळण्याच्या काठावर आपटलं. तो काकीचा होता. काकीलाही तांदळातलंच नाव आहे, चौपन्न वर्षं. तो धपाटा रागाचा होता की शाबासकीचा, ते मी अजून विचारलेलं नाही. तिच्यामागून बाकीच्यांनी हात उचलले आणि माझी पाठ सोलून काढली.

पोर गाढ झोपलेलं होतं. त्यानं एक डोळासुद्धा उघडला नाही. वहिनीनं मात्र दोरी ओढून पाळण्याला पहिला झोका दिला.

काका जेवले. पण माझ्या हातून वाढून घेतलं नाही. "घराण्याचं नाव बुडवलंस," एवढं म्हणाले. मी म्हटलं, "आजोबांचं नाव तुमच्या दारावर कोरलेलं आहे, काका. ते कुठं जात नाही. याला अजून दारच नाही."

संध्याकाळी निघायची वेळ झाली. मी वहिनीजवळ पोराला मांडीवर घेऊन बसले होते. यांनी उंबऱ्याशी चपला घातल्या आणि मला हाक मारली, नेहमीच्याच नावानं. मी उठले नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा मारली. काकी थांबली, भाऊ थांबला. मी पोराच्या मुठीतून माझं बोट सोडवत बसले, सावकाश. मनात म्हटलं, तीन महिन्यांच्या पोरासाठी तोंड उघडलं, आता स्वतःसाठी नुसतं गप्प बसायचंय.

 यांनी गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात केल्या. काकीकडे बघितलं. मग, रेशनकार्डावरून वाचावं तसं अडखळत, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी माझं नाव घेतलं.

मग मी उठले.