बरणीताईची एम.एस्सी.

शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या बाईला एक चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाकी मुख्याध्यापिकांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची ती बरणीताई. कारण तिच्या हाताखालची एकही बरणी चिठ्ठीवाचून राहत नसे. आत काय आहे, कधी भरलं, कधी उघडायचं, अशा तीन ओळी, ठसठशीत अक्षरात. घरीही तेच. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी बघून आई म्हणायची, "अगं, मला डोळे नाहीत, की जीभ नाही?"

हसायचं तर हसा, पण ही बाई रसायनशास्त्राची बी.एस्सी. होती, तीही पहिल्या वर्गात. एम.एस्सी.चा अर्ज भरून तयार होता आणि वडील गेले. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं, घरात आई एकटी. नोकरी मिळाली ती परीक्षानळ्या धुण्याची. मुलींनी प्रयोग करायचे, हिनं आधी मांडून द्यायचं आणि मागून धुवायचं. काम तिनं मन लावून केलं. पण दर वर्षी नव्या मुली टेबलाशी उभ्या राहिल्या की तिला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोला? तिला टेबलाच्या त्या बाजूला जायचं होतं. त्यासाठी चार सत्रांची फी हवी होती आणि दोन वर्षांच्या बिनपगारी रजेत घर चालवायला पैसा.

सत्ताविसाव्या वर्षी तिनं कंबर कसली. पगार झाला की आधी बँकेतली आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक भरायची ठेव, मग किराणा. दुसऱ्या शाळांच्या प्रात्यक्षिक परीक्षा मांडून द्यायला जायची, त्याचं मानधनही तिथंच. चपला तिसऱ्यांदा शिवून झाल्या तेव्हा चांभारानंच हात जोडले.

भावोजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, हे बघवेना. "बँकेत पैसा झोपतो गं," ते म्हणाले. "शेअर घे माझ्यासारखे. पाच-सहा वर्षांत तिप्पट."

भावोजी थापाडे नव्हते, हे सांगायलाच हवं. त्यांचा पैसा खरोखर वाढत होता, दारात नवी गाडी उभी होती, आणि थोरल्या लेकीच्या शिक्षणाचा पैसाही त्यातच होता.

"तुमचा पैसा पळतो, मान्य," बरणीताई म्हणाली. "पण मला तो ठरल्या दिवशी दारात हवा. त्या दिवशी तो वर असेल की खाली, सांगता येईल?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"मग माझा झोपू दे. निदान कुठं झोपलाय ते कळेल."

आता प्रयोगशाळेतले दोन नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पहिला, मोठ्या बाटलीतून थेट वापरायचं नाही, लहान बाटल्यांत काढून घ्यायचं. एखादी बिघडली तर तेवढीच जाते. दुसरा, बाहेर काढलेलं कितीही उरलं तरी मूळ बाटलीत परत ओतायचं नाही, नाहीतर सगळा साठा नासतो. हे नियम बरणीताईच्या अंगात मुरलेले. तिनं ते उचलून थेट बँकेत नेले.

"एकच मोठी मुदत ठेव करा ना," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "व्याज जरा जास्त बसेल."

"नको. दर वर्षी एक वेगळी."

म्हणजे वर्षाची आरडी पुरी झाली की तिची एक मुदत ठेव. सहा वर्षांत सहा व्हायच्या होत्या: चार सत्रांच्या चार, घरखर्चाच्या दोन. प्रत्येकीची मुदत अशी बेतलेली की त्या सत्राच्या महिनाभर आधी पैसा हातात यावा. पावत्यांवर अर्थात चिठ्ठ्या. ‘सत्र पहिले. उघडण्याची तारीख अमुक.’ एकदा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "झाकण घट्ट लावलंय ना?" आणि अख्खी रांग हसली. बरणीताईही हसली.

चिठ्ठीवर रक्कम किती लिहायची, यातही तिचं डोकं चाललं होतं. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत ती दोन बस बदलून विद्यापीठात जायची आणि भिंतीवरचा फीचा तक्ता वहीत उतरवून आणायची. तिथला शिपाई वैतागून म्हणाला, "ताई, प्रवेश घ्यायचाय की तक्ता पाठ करायचाय?" पण त्या वहीतून तिला कळलं की फी दर वर्षी साधारण किती चढते. चिठ्ठीवर ती आजची फी लिहायचीच नाही. ज्या वर्षी भरायची, त्या वर्षी ती कुठं पोचलेली असेल ते लिहायची.

पाचव्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं, आत पट्टी बसवावी लागली. बरणीताईनं पावत्या पलंगावर मांडल्या आणि सगळ्यांत शेवटी लागणारी उचलली, ‘सत्र चौथे’. तेवढी एकच मोडली. दंड कापला गेला तो त्या एकीच्याच व्याजातून, बाकीच्यांना धक्का नाही. बँकेचं काम उरकलं, आईचा हात जुळला, आणि मग ती शाळेतल्या रसायनांच्या खोलीत दार लावून पोटभर रडली. रिकामी झालेली बरणी पुन्हा भरायची म्हणजे आणखी एक वर्ष, आणि बाकीच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा नि आकडेही वर्षभरानं पुढं.

"माझ्या हातापायी तुझं वर्ष गेलं गं," आई म्हणाली.

"गेलं नाही आई. पुढं गेलं."

इस्पितळाचं बिल भागवून काही हजार उरले. कुणीही शहाण्या माणसानं ते लगेच आरडीत टाकले असते. ही पठ्ठी ते बचत खात्यात ठेवून बसली. का, तर काढलेलं परत ओतायचं नाही! चांगले आठ महिने ते तिथं नुसते पडून होते. खिडकीवरच्या बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, पैसे आहेत ते, ॲसिड नव्हे!" तरी ती आरडीत टाकेना. शेवटी त्यांनीच तोड काढली आणि तेवढ्याचीच एक छोटी वेगळी ठेव करून दिली. नवी बरणी, नवी चिठ्ठी. बरणीताई खूश. माणूस कितीही हुशार असला तरी कुठंतरी अडाणी असतोच.

पुढं सातव्या वर्षी तिनं प्रवेशपरीक्षा दिली. जेवणाच्या सुट्टीत, धुतलेल्या नळ्या निथळत असताना पुस्तक उघडून अभ्यास केलेला. चोवीस जागा होत्या, तिचा क्रमांक अकरावा. तीन दिवसांत फी भरायची, नाहीतर जागा पुढच्याला. आणि नेमकी त्या वर्षी फी चांगलीच चढवलेली. तक्त्यासमोर पोरंपोरी डोक्याला हात लावून उभी होती. बरणीताईनं चिठ्ठी काढली, आकडा ताडून पाहिला. चिठ्ठीवरचा आकडा तीनशे सत्तरनं जास्त होता! आजूबाजूला इतकी तोंडं उतरलेली असताना हसू नये, म्हणून तिनं तोंडावर पदर धरला.

त्याच महिन्यात शेअर बाजार आपटला होता. भावोजींच्या लेकीचाही प्रवेश तेव्हाच, आणि तिच्या पैशाचा तिसरा हिस्सा हवेत. विकावं तर नुकसान, थांबावं तर जागा जाणार. शेवटी कर्जाचा अर्ज केला. भावोजी घरी आले आणि हे सगळं सांगून बसले. बरणीताईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. आई मात्र बोलल्यावाचून कसली राहतेय?

"जावईबापू, तुमचा पैसा पळतो खरा. आमचा चालत आला, पण वेळेवर आला."

भावोजींना हसू फुटलं. "खरंय, आई." मग ते मेहुणीकडे वळले. "धाकटीला अजून सहा वर्षं आहेत. तुझ्या त्या चिठ्ठ्या कशा करतात, जरा दाखव."

बरणीताईनं कात्री आणि डिंक काढला.

पहिल्या प्रात्यक्षिकाला ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली तेव्हा चौतीस वर्षांची होती. शेजारी बाविशीतल्या मुली. तिनं थेंब मोजून सोडले, रंग बदलला तो नेमका हवा तिथं, आणि सरांनी तिचं उत्तर फळ्यावर लिहून बाकीच्यांना म्हटलं, "हे असं यायला हवं." तास संपला. तिनं सवयीनं सगळ्यांच्या नळ्या गोळा केल्या, नळ सोडला आणि ब्रश हातात घेतला.

तिथल्या मदतनीस बाई लगबगीनं आल्या आणि त्यांनी तो ब्रश तिच्या हातातून काढून घेतला.

"ठेवा हो मॅडम. हे माझं काम आहे. तुम्ही तुमची वही लिहा."

बरणीताईला हसूही आलं आणि रडूही. तिनं ओले हात पदराला पुसले, टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसली आणि वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं चार अक्षरी नाव लिहिलं.