शेजारणीची रॉकेटं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पिंप्राळ्यात आमच्या शेजारची सून संगणकावरच्या खेळात जुनी, खरीखुरी उडालेली रॉकेटं फोटो बघून हुबेहूब बांधायची. रंगाचा पट्टा चुकला तर सगळं मोडून पुन्हा. उडवताना त्यांना गोंजारायची, "ऊठ मन्हा राजा, ऊठ!"

भिंतीआडून ते ऐकून मला वाटलं, संगणकावर कुणा पुरुषाशी बोलते. मी तिच्या सासऱ्यांच्या कानावर घातलं. त्यांनी काही न विचारता संगणक विकून टाकला. रॉकेटांचं मला नंतर कळलं.

आता ती नोकरी करते, स्वतःचा लॅपटॉप घेतलाय. काल माफी मागायलाच गेलो, तर पडद्यावर नवं रॉकेट उभं होतं.

"बठा नाना! बठ्ठा हसतस, तुम्हीच एक दखाले येतस." सगळे तिच्या रॉकेटांना हसतात, बघायला येणारा मीच एकटा, असं तिला वाटत होतं.

'माफ कर, पोरी' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "उडव."